शिडी : माळवदापासून कारखान्यापर्यंत



वसंत व्याख्यानमालेत इतिहासाचे पुष्प गुंफावयाचे म्हणजे वक्त्याने एखादी लढाई, एखादा तह किंवा एखादा थोर पुरुष निवडावा, अशी आपली अपेक्षा असते. ती रास्तच आहे. बारामतीला कऱ्हाकाठचे मोरोपंत आहेत, इंदापूरला मालोजीराजांच्या नावाशी जोडलेली गढी आहे. विषयांची वाण या मुलखाला कधी पडली नाही. असे असताना आम्ही आज शिडीवर बोलणार, हे कळल्यावर काही मित्रांनी आमची थट्टा केली. ‘शिडीला कसला आला आहे इतिहास? दोन दांडे आणि मध्ये पायऱ्या!’ असे एकाने म्हटले. आमचे उत्तर इतकेच, की जी वस्तू प्रत्येक घरात, प्रत्येक दुकानात आणि प्रत्येक कारखान्यात भिंतीला टेकून उभी असते आणि जिच्यावरून माणसे पडून मरतात, तिला इतिहास असलाच पाहिजे. तो कोणी लिहिला नाही, एवढेच.

हा विषय याच ऋतूत काढण्याचे आणखी एक कारण आहे. आपल्याकडे वसंत व्याख्यानमाला भरते तेव्हा बहुधा उसाचे गाळप संपलेले असते. भोंगा थांबतो, गव्हाणीपुढच्या गाड्यांच्या रांगा मोडतात, धुराड्याचा धूर विरतो. बाहेरच्या माणसाला वाटते, कारखाना झोपला. पण आतल्या माणसाला ठाऊक असते, की आता दुरुस्तीचा हंगाम सुरू झाला. नळ्या खरवडणे, टाक्या साफ करणे, छपराचे पत्रे बदलणे, रंग देणे ही सारी कामे पुढील पावसाळ्याअखेरपर्यंत चालतात. गाळपाच्या दिवसांत माणूस यंत्रापाशी उभा असतो. दुरुस्तीच्या दिवसांत तो यंत्रावर चढतो. म्हणून शिडीचा खरा हंगाम आज, आपण येथे बसलो आहोत त्या दिवसांत, चालू असतो.

शिडीचा जन्म कोठे झाला, हे कोणी सांगू शकणार नाही. स्पेनमधील व्हॅलेन्सिया प्रांतात एका गुहेच्या भिंतीवर काही हजार वर्षांपूर्वीचे चित्र आहे. त्यात एक मनुष्य उंचावरच्या पोळ्यातील मध काढण्यासाठी दोराच्या किंवा वेलींच्या आधाराने चढलेला दिसतो आणि भोवती मधमाश्या उडताना दिसतात. म्हणजे माणसाने नांगर धरण्यापूर्वीच शिडीसारखे काहीतरी साधन धरले असावे. आपल्या अमरकोशात शिडीला ‘निश्रेणी’ आणि ‘अधिरोहिणी’ असे शब्द आहेत. त्या निश्रेणीचेच ‘निसण’ झाले. जुन्या मराठी कोशांत हा शब्द सापडतो. आता तो बहुतेक विसरला गेला. शब्द हरवला तरी वस्तू हरवली नाही, हे शिडीचे भाग्य.

बारामती-इंदापूरच्या मुलखात शिडीचे पहिले घर माळवद. पाऊस कमी आणि ऊन फार, म्हणून येथे मातीच्या सपाट छपराची घरे बांधली जात. माळवदावर धान्य वाळत घालायचे, मिरच्या पसरायच्या, उन्हाळ्यात रात्री झोपायला जायचे. दगडी जिना असलेली घरे थोडी. बाकीच्यांचा जिना म्हणजे शिडी. या घरगुती शिडीला काही रीत होती. चढणाऱ्याने हाक द्यावी, ‘शिडी धर रे,’ आणि खालच्याने हातातले काम टाकून शिडी धरावी. रात्री शिडी आत घ्यावी, चोराला आयती मिळू नये. पावसाळ्यात भिजलेल्या शिडीचा काथ्या उन्हाळ्यात सैल पडतो, म्हणून सुगीपूर्वी ती पुन्हा आवळावी. ही रीत कोणी लिहून ठेवली नव्हती. आजी सांगत असे, आणि न ऐकणाऱ्याच्या पाठीत धपाटा बसत असे.

तशीच रीत पेवाची होती. धान्य साठवण्याचे हे जमिनीखालचे कोठार. ‘पेव फुटले’ असे आपण आज कशालाही म्हणतो. परंतु ज्यांनी खरोखर पेव उघडले, त्यांना त्याचे भय माहीत होते. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नसे. आधी तोंड मोकळे ठेवून हवा खेळू द्यायची, मग दोराने दिवा खाली सोडायचा. दिवा विझला तर माणूस उतरवायचा नाही. आतल्या धान्यामुळे कोंडलेल्या हवेत प्राणवायू कमी आणि कर्बवायू अधिक होतो, हे रसायनशास्त्र त्या शेतकऱ्याला ठाऊक नव्हते. पण दिव्याची साक्ष त्याला पुरेशी होती. सुरक्षितता ही विलायतेहून आलेली चीज आहे, असे समजणाऱ्यांनी हा दिवा आठवावा.

शिडीचे दुसरे घर म्हणजे किल्ला, आणि येथे मात्र सारी रीतच उलटते. सिंहगडाची कथा सांगताना आपला ऊर भरून येतो. सन १६७० च्या फेब्रुवारीतील ती रात्र. सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या सभासदाच्या बखरीत सांगितले आहे, की कडा चढण्यात निष्णात असे दोन मावळे आधी वर गेले आणि त्यांनी माळ लावली. माळ म्हणजे दोराची शिडी. तिच्यावरून तानाजीचे लोक गडावर चढले. पुढे तानाजी पडला आणि लोकांचा धीर सुटू लागला, तेव्हा सूर्याजीने परतीचे दोर कापून टाकले, ही कथा पोवाड्यांतून आणि शाळेच्या पुस्तकांतून आपल्या रक्तात भिनली आहे. ‘दोर कापले’ ही आपल्या भाषेची खूण होऊन बसली. उतरण्याची वाट ठेवणे म्हणजे भ्याडपणा आणि ती तोडणे म्हणजे मर्दुमकी, असा एक संस्कार त्यातून आपल्या मनावर झाला. या संस्काराकडे आम्ही पुढे पुन्हा वळणार आहोत.

आता हा मुलूख बदलला कसा, ते पाहू. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ आपल्या पणजोबांच्या पिढीने भोगला. त्या काळात लोकांना काम देण्यासाठी नीरेच्या कालव्याचे काम हाती घेण्यात आले. डोक्यावर मातीची पाटी घेऊन हजारो स्त्रीपुरुष त्या कामावर राबले. १८८५ च्या सुमारास नीरा डाव्या कालव्याला पाणी सुटले. वीर येथील बंधाऱ्यापासून निघालेले हे पाणी पुरंदर, बारामती, इंदापूर असे वाहू लागले. भाटघरचे पहिले धरण त्याला पाठबळ देऊ लागले. पुढे १९२० नंतरच्या दशकात तेथे मोठे धरण झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी विश्वेश्वरय्यांनी या कालव्यावर पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत घालून दिली. पाण्यामागून ऊस आला, उसामागून गुऱ्हाळे आली आणि बारामतीची गुळाची पेठ नावारूपाला आली.

गुऱ्हाळ मात्र जमिनीलगतचा धंदा होता. चरक जमिनीवर, चुलाण जमिनीत, काहील चुलाणावर. तेथे भाजण्याचे भय असे, चरकात हात सापडण्याचे भय असे; पण उंचावरून पडण्याचे भय फारसे नव्हते. १९३२ साली सरकारने देशी साखरधंद्याला जकातीचे संरक्षण दिले. त्यानंतर इंदापूर तालुक्यातील कळंब येथे वालचंद हिराचंद यांचा साखर कारखाना उभा राहिला आणि कळंबच्या माळाचे वालचंदनगर झाले. स्वातंत्र्यानंतर सहकाराची लाट आली. प्रवरानगरच्या पाठोपाठ आपल्याकडे माळेगाव, भवानीनगर आणि सोमेश्वर येथे सहकारी कारखाने निघाले. १९८० नंतर बारामतीला औद्योगिक वसाहत वाढली. शंभर वर्षांच्या आत जमिनीवर वाकून काम करणारा हा मुलूख मान वर करून काम करू लागला. धुराडे, रसाच्या उंच टाक्या, पॅनचा मजला, मळीची टाकी, बगॅसचे डोंगर, गोदामातील पोत्यांच्या थप्प्या. जिकडे पाहावे तिकडे उंची. कारखान्याबरोबर परदेशची यंत्रे आली, अभियंते आले, हिशेबाची पद्धत आली. शिडी मात्र पुष्कळ ठिकाणी माळवदावरचीच आली, आणि ‘शिडी धर रे’ म्हणणारी रीत घरीच राहिली.

येथे आम्हाला एक गोष्ट सांगितली पाहिजे. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. अशी गोष्ट कोठेही घडू शकली असती. गाळप संपून पंधरा दिवस झाले होते. ठेकेदाराने रोजावर आणलेला एक मनुष्य टाकीचा बाहेरचा गंज खरवडीत होता. बांबूची शिडी टाकीच्या गोल पाठीला टेकवलेली होती, वर कोठेही बांधलेली नव्हती. खालच्या फरशीवर मळी सांडून वाळली होती आणि सकाळी तिच्यावर पाणी मारल्याने ती निसरडी झाली होती. शिडी धरायला एक पोरगा दिला होता, त्याला मुकादमाने चार पोती हलवायला बोलावून घेतले. पोरगा गेला आणि शिडीचा पाय मागे सरकला. पंधरा फुटांवरून तो मनुष्य पडला आणि तिसऱ्या दिवशी गेला. आम्ही मातीला गेलो होतो. जमलेले लोक एकमेकांस एकच सांगत होते, ‘पाय घसरला बिचाऱ्याचा.’ तेव्हा त्याची बायको भिंतीशी बसली होती, ती एकदम म्हणाली, ‘पोतं घेऊन माळवदावर चढायचे ते. त्यांचा पाय कसा घसरंल?’

त्या प्रश्नाला त्या दिवशी कोणी उत्तर दिले नाही. आम्हीही दिले नाही. पुढे मात्र तो प्रश्न आमच्या मनातून गेला नाही, आणि आजचे व्याख्यान हे त्याचेच उशिरा दिलेले उत्तर आहे. ‘पाय घसरला’ या वाक्याचा कर्ता पाय आहे. शिडी कोणी दिली, ती कोणी टेकवली, फरशी कोणी ओली केली, पोराला कोणी बोलावले, यांपैकी एकही मनुष्य त्या वाक्यात नाही. वास्तविक घसरला तो शिडीचा पाय. आपण तो माणसाचा करून टाकला. कामावरील अपघातांच्या कायद्याचा दीडशे वर्षांचा इतिहास म्हणजे या एका वाक्याचा कर्ता हळूहळू बदलत गेल्याचा इतिहास आहे.

तो इतिहास थोडक्यात पाहू. दुसऱ्याच्या चुकीने मनुष्य मेला तर त्याच्या कुटुंबाला दावा लावता यावा, असा कायदा हिंदुस्थानात १८५५ साली झाला. परंतु चूक सिद्ध करण्याचा भार मृताच्या घरच्यांवर. रोजावरच्या मजुराची विधवा वकील कोठून करणार? मुंबईत गिरण्या वाढल्यावर १८८१ साली पहिला कारखाना कायदा आला. त्यात यंत्राला कुंपण घालावे आणि अपघाताची खबर द्यावी, अशी कलमे होती. पण शंभरांहून कमी माणसे असलेला किंवा वर्षातून चार महिन्यांपेक्षा कमी चालणारा कारखाना त्यातून सुटत असे. म्हणजे हंगामी धंदे बाहेरच राहिले. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवून मागण्या मांडल्या. रविवारच्या सुट्टीमुळे त्यांचे नाव आपल्याला माहीत आहे. परंतु काम करताना अपंग झालेल्या कामगाराच्या निर्वाहाची काळजी घेतली जावी, हीही मागणी त्यांच्या गाऱ्हाण्यात होती, हे फारसे सांगितले जात नाही. १८९१ साली शंभरांची अट पन्नासांवर आली. १९११ साली हंगामी कारखाने कायद्याखाली आले.

खरे वळण १९२३ सालच्या कामगार भरपाई कायद्याने घेतले. तो १ जुलै १९२४ पासून अमलात आला. मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज उरली नाही. काम करताना, कामामुळे अपघात झाला एवढे पुरे. मृत्यूबद्दल तीस महिन्यांचा पगार किंवा अडीच हजार रुपये, यांपैकी जी रक्कम कमी असेल ती द्यावी, असे त्या कायद्यात होते. ‘जी कमी असेल ती’ हे शब्द ऐकून आज आपल्याला वाईट वाटते. तरीही पायाच्या घसरण्याची किंमत पहिल्यांदाच मालकाच्या हिशेबाच्या वहीत लिहिली गेली, आणि वहीत खर्च दिसू लागला की मनुष्य तो टाळण्याचा विचार करू लागतो.

१९३४ च्या कारखाना कायद्यात साखर आणि गूळ हे हंगामी धंदे गणले गेले. इतर कारखान्यांत आठवड्याला ५४ तास, तर हंगामी कारखान्यांत ६० तास काम घेता येत असे. दमलेल्या माणसाचा हात आधी सुटतो, हे शिडीवर चढलेल्याला सांगावे लागत नाही. १९४८ च्या कायद्याने हा भेद काढून टाकला, ४८ तासांचा आठवडा केला, आणि शिडीच्या दृष्टीने महत्त्वाचे एक कलम घातले. बत्तिसाव्या कलमात म्हटले, की जिने, पायऱ्या आणि वाटा मजबूत असाव्यात, आणि मनुष्याला जेथे जेथे काम करावयाचे असेल तेथे पोहोचण्याचे सुरक्षित साधन असावे. साधन पुरवण्याची जबाबदारी आता चढणाऱ्याची राहिली नाही. १९७६ साली हजार किंवा त्याहून अधिक कामगारांच्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी नेमण्याची तरतूद आली. १९८४ च्या डिसेंबरात भोपाळची भीषण घटना घडली आणि तिच्यानंतर, १९८७ साली, बत्तिसाव्या कलमात आणखी एक वाक्य आले : जेथून पडण्याचा संभव आहे अशा उंचीवर काम करावयाचे असेल, तर कुंपणाने किंवा अन्य उपायाने त्या माणसाच्या सुरक्षिततेची शक्य ती व्यवस्था करावी. बांधकामावरील मजुरांसाठी १९९६ साली वेगळा कायदा झाला, आणि २०२० साली संसदेने अशा तेरा कायद्यांची मिळून एक संहिता मंजूर केली. १८५५ पासून १९८७ पर्यंत मोजा. उंचीवर काम करणारा मनुष्य पडू शकतो, एवढी साधी गोष्ट कलमात स्वतंत्रपणे लिहिली जायला एकशेबत्तीस वर्षे लागली.

ज्या दशकात कळंबच्या माळावर कारखाना उभा राहत होता, त्याच दशकात अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे गोल्डन गेट पूल बांधला जात होता. त्या काळी अशा कामात खर्चाच्या प्रमाणात काही माणसे मरणारच, असा ठोकताळा धरीत. मुख्य अभियंता जोसेफ स्ट्रॉस याने पुलाखाली दोराचे मोठे जाळे बांधवले. खर्च बराच आला. त्या जाळ्याने १९ माणसांचे प्राण वाचवले. पुढे १९३७ च्या फेब्रुवारीत एक जड परांची तुटून जाळ्यासह खाली गेली आणि दहा माणसे मेली. या कथेचे दोन्ही भाग आपण लक्षात ठेवावेत. जाळे बांधल्याने माणसे वाचतात; आणि जाळे आहे म्हणून परांची कशीही बांधली तर तेही पुरत नाही.

आता थोडे व्यवहाराचे बोलू. शिडी पडते ती चार-पाच कारणांनीच पडते, आणि ती कारणे सातवीतल्या मुलालाही समजतील. शिडी फार उभी टेकवली तर चढणाऱ्याच्या भाराने मागे उलटते. फार तिरपी टेकवली तर पाय सरकतो. म्हणून मधले प्रमाण असे, की शिडी चार हात उंचीवर टेकत असेल तर तिचा पाय भिंतीपासून एक हात दूर असावा. आठ हात उंची असेल तर दोन हात. दुसरे, ज्या माळ्यावर किंवा छपरावर उतरायचे, त्याच्या वर शिडी निदान तीन फूट निघाली पाहिजे. कारण माणूस केवळ चढतानाच पडत नाही. शिडी सोडून माळ्यावर पाय टाकताना, आणि माळ्यावरून पुन्हा शिडीवर येतानाही, पडतो. त्या क्षणी हाताला धरायला काहीतरी हवे. तिसरे, शिडी वरच्या टोकाला बांधावी, आणि ती बांधून होईपर्यंत खालच्याने ती सोडू नये. गोल टाकीला किंवा नळाला शिडी टेकवायची असेल तर बांधण्याला पर्यायच नाही. ती बाजूला घरंगळणारच.

चौथे, चढताना दोन पाय आणि एक हात, किंवा दोन हात आणि एक पाय, असे तीन अवयव नेहमी शिडीवर असावेत. याचा अर्थ हातात बादली, पाना किंवा रंगाचा डबा घेऊन चढता येणार नाही. अवजारे कमरेच्या पिशवीत घ्यावीत किंवा वर गेल्यावर दोराने ओढून घ्यावीत. बाजूला हात पोहोचत नसेल तर खाली उतरून शिडी सरकवावी. वरूनच वाकणे म्हणजे शिडीला उलटण्याचे आमंत्रण देणे. पाचवे, लाकडी शिडीला जाड रंग देऊ नये. रंगाखाली तडा लपतो. तेल द्यावे किंवा पारदर्शक रोगण द्यावे, म्हणजे लाकूड डोळ्यांना दिसत राहील. बांबूची शिडी पोखरली आहे का, काथ्या कुजला आहे का, हे दर वेळी पाहावे. आणि विजेच्या तारांजवळ लोखंडाची किंवा ॲल्युमिनियमची शिडी कधीही नेऊ नये. शिड्यांसाठी स्वतंत्र भारतीय मानक आहे; ते मिळवून कारखान्याने वाचावे. परंतु आम्ही सांगितलेल्या गोष्टींना मानकाची वाट पाहण्याची गरज नाही. त्यांना लागतो एक दोर, एक टेप आणि एक जागा न सोडणारा सोबती.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला मर्दुमकीचा. ‘आम्ही तानाजीचे वंशज, दोर बांधून चढायला आम्ही काय बायका आहोत?’ असे जवान पोरे म्हणतात. येथे बायकांचा उल्लेख अकारण होतो. उंचच उंच बांधकामांवर डोक्यावर घमेले घेऊन चढणाऱ्या बायका आम्ही पाहिल्या आहेत. पण सिंहगडाचेच पाहा. ते दोन मावळे आधी वर का गेले? माळ पक्की बांधण्यासाठी. तिचे वरचे टोक बांधल्याखेरीज बाकीचे चढले नाहीत. म्हणजे शिडी वर बांधावी हा नियम तानाजीच्या लोकांनी ऐन युद्धात पाळला. दोर कापले ते नंतर, शत्रू समोर असताना, आणि तोही शेवटचा उपाय म्हणून. टाकीवर गंज खरवडणाऱ्या माणसासमोर कोणता शत्रू उभा असतो? त्याला संध्याकाळी खाली उतरायचे असते. रणांगणावर दोर कापणारा शोभतो. कारखान्यात दोर बांधणारा शोभतो. दोन्ही ठिकाणी शौर्य आहे, पण जागा चुकली की त्याच शौर्याचा घात होतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा आणि वेळेचा. खाजगी मालक हा आक्षेप घेतो तेव्हा आपण त्याच्यावर टीका करतो. पण आपल्या मुलखातील मोठे कारखाने सहकारी आहेत. त्यांचा मालक कोण? येथे बसलेल्या अनेकांच्या घरी कारखान्याचा शेअर आहे. वार्षिक सर्वसाधारण सभेला आपण जातो. उसाचा दर किती, पहिला हप्ता कधी, दिवाळीला सभासदांना साखर किती, हे प्रश्न आपण तावातावाने विचारतो आणि ते विचारलेच पाहिजेत. परंतु यंदा दुरुस्तीच्या हंगामात किती माणसे पडली, ठेकेदाराच्या माणसांना शिड्या कोणी दिल्या, त्या कोणी तपासल्या, हा प्रश्न उठून विचारणारा सभासद आम्ही अद्याप पाहिलेला नाही. आम्हीही कधी विचारला नाही, ही कबुली प्रथम दिली पाहिजे. वाक्याचा कर्ता शोधत आपण कायद्याच्या पुस्तकातून येथवर आलो. पाय झाला, शिडी झाली, मुकादम झाला, ठेकेदार झाला, व्यवस्थापक झाला. आणि शेवटी कर्ता येऊन थांबतो तो आपल्यापाशी.

खंडेनवमीला कारखान्यात पूजा होते. यंत्राला हार चढतो, लेथला कुंकू लागते, पाने आणि हातोडे झेंडूच्या फुलांनी सजतात. शिडी बहुधा कोपऱ्यात तशीच उभी असते. तिची पूजा करा, असे आम्ही म्हणत नाही. त्या दिवशी तिची एकेक पायरी हाताने चाचपून पाहा, पोखरलेली असेल तर मोडून चुलीत घाला, एवढेच आमचे मागणे आहे. राष्ट्रीय सुरक्षा परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली. त्या दिवशी दरवर्षी कारखान्यांत शपथ घेतली जाते, फलक लागतात. ते चांगलेच आहे. पण मार्चमधली शपथ एप्रिलमधल्या दुरुस्तीपर्यंत टिकली पाहिजे.

त्या बाईच्या प्रश्नाचे उत्तर आता आम्ही देऊ शकतो. बाई, तुमच्या नवऱ्याचा पाय घसरला नाही. घरी त्याची शिडी धरायला तुम्ही होता. कामावर ती धरणारे कोणी नव्हते. हे उत्तर तिला वेळेवर मिळाले असते तर भरपाईच्या अर्जात ते लिहिता आले असते. तिच्यापुरता उशीर झाला. परंतु उद्या सकाळी या दोन तालुक्यांत पुष्कळ माणसे शिडीवर चढणार आहेत. कोणी टाकीवर, कोणी दुकानाच्या पाटीपाशी, कोणी घराच्या माळ्यावर. त्यांच्यापैकी कोणी हाक दिली, ‘शिडी धर रे,’ तर हातातले काम टाकून ती धरावी, आणि वरचा मनुष्य खाली उतरेपर्यंत सोडू नये. आपल्या आजीने शिकवलेली ही रीत कारखान्याच्या फाटकातून आत नेली, तर आजचा हा एक तास व्यर्थ गेला नाही असे आम्ही समजू.